एकशे बावन्न

चार वर्षं मी डब्यातल्या पाकाची बिअर केली.
पाक गरम पाण्यात सोडायचा, ढवळायचा,
आणि कुणी वाहवा केली तर दुसरीकडे बघायचं.
व्हर्ना कोस्केला एकदाच म्हणाली,
"तयार पिठाचा केक आहे हा, बाई,"
आणि ग्लास पुन्हा पुढे केला.

यंदा मार्चात, हॅनकॉकच्या चढावर
बर्फ खिडकीच्या वर गेलेला,
रात्रभर काउंटीचा बर्फ-ट्रक चालवून घरी आले
ती झोपलेच नाही.
चार पौंड जव, मोड आणून वाळवलेले, भरडलेले,
कापडी पिशवीत बांधले.
थोडी साखर दाण्यातून काढायची, उरलेली डब्यातून.
अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच असेल.
पण अख्खं हळकुंड मावेल
एवढं पातेलं माझ्याकडे नाही.

पुस्तकात होतं: एकशे बावन्न अंश, एक तास.
खाली घसरलं तर बिअर पातळ,
वर गेलं तर गोड, जड.
थर्मामीटर व्हर्नानं दिलेला. म्हणजे वायनोचा.
त्यावर नजर ठेवून तो मासे धुरवायचा,
आणि ते मासे असे
की पुलापलीकडची माणसं चर्च बुडवून यायची.

पिशवी बुडवली. पातेल्याभोवती स्लीपिंग बॅग,
वर जुना कोट,
कोटावर मांजर, न बोलावता.
स्वयंपाकघरात वास पसरला,
आजारी मुलासाठी मध्यरात्री शिजवलेल्या लापशीचा.

दहा मिनिटांनी मांजर उठवून झाकण उघडलं.
एकशे पंचेचाळीस.

घाटात ब्रेक सुटावा तसं पोटात झालं.
किटली उकळली, ओतली. एकशे अठ्ठेचाळीस.
पुन्हा ओतली.
एकशे बावन्नवर काटा आला
तेव्हा कळलं, मी श्वास धरून होते.

पुढचं सगळं नीट झालं.
पिशवी चाळणीवर टेकवून वरून ऊन पाणी सोडलं,
शेवटचा थेंब फिका पडेपर्यंत.
चोथा व्हर्नाच्या कोंबड्यांना.
काढ्यात डब्यातला पाक, उकळी, हॉप्स,
एकदा उतू गेलं, शेगडी अजून चिकटते.

मग पातेलं अंगणातल्या बर्फात रोवलं.
बर्फ वितळून मागे सरला, भोवती पोकळी झाली,
आणि काढा आपल्याच गुहेत ऊबदार बसला.
सतरा हिवाळे बर्फ उपसणाऱ्या बाईला
हे आधी सुचू नये?
फावड्यानं पुन्हा पुन्हा बर्फ लोटत राहिले.
हाताला काम हवं म्हणून थर्मामीटर
कपातल्या गचगचीत बर्फात उभा केला.

पाणी होता होता बर्फ बत्तीसवर थांबतो,
हे मला कुणी शिकवायला नको.
काटा पंचवीसवर होता.

उन्हात उभी राहून बेरीज केली.
पंचेचाळीस आणि सात.
झाकण उघडलं तेव्हा बरोबर होतं.
मी किटली घेऊन बिघडवलं.

विरजण घातलं. दोन दिवसांनी नळीतून बुडबुडे,
घरात कुणी उचक्या देतंय तसे.

पाच आठवडे व्हर्नाला बोलले नाही.
मेलेल्या माणसाचे मासे, सगळ्या गावानं नावाजलेले,
सात अंश खोटे होते,
हे मी कोणत्या तोंडानं सांगू?

पहिली बाटली तिच्याच टेबलावर उघडली.
तिनं घोट घेतला, जिभेवर फिरवला.
"गोड झालीय जरा."
मी गप्प.
"थर्मामीटरमध्ये सात मिळवलेस ना?
वायनो नेहमी मिळवायचा."
मग माझ्याकडे नीट बघून,
"अगं, सांगितलं नव्हतं का मी?"

आणि ग्लास पुढे केला.